सुतळीला बांधलेली डिरेक्टरी

दादाची तेरवी होऊन आठ दिवस झाले. दादाच्या दुकानात रोज कोणीतरी येतं, बसतं आणि दादाचा एक किस्सा ठेवून जातं. मी सातवीत शाळा सोडली, लिहायची सवय नाही. पण एवढे किस्से कुठे ठेवू? शिवाय मला एक गोष्ट विचारायची होती, ती दादालाच.

* * *

नांदुऱ्यात स्टेशनाजवळच्या याच दुकानात आधी दादाचा एसटीडी बूथ होता. फोनशेजारी सुतळीला डिरेक्टरी बांधलेली. नाव, पत्ता, नंबर, सगळं छापील. कोणीही वाचा! आज नंबर मागितला तर लोक विचारतात, "काऊन पाह्यजे?" तेव्हा एक काका फक्त बायकोला दाखवायला आले होते. नावावर बोट ठेवून म्हणाले, "पाह्य, छापून आलो!"

* * *

ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांची नावं दादा शेजाऱ्याच्या नंबरापुढे पेनानं लिहायचा. धान्यवाल्या शेटजींपुढे अकरा नावं झाली. शेटजी तणतणत आले. "माह्या नावापुढं अर्धी गल्ली?"

"शेटजी, एवढी मानसं दुसऱ्या कोनापुढंच नाहीत."

दुसऱ्या दिवशी शेटजी पुन्हा हजर. "शिंपी राह्यला बे, लिव!"

* * *

दादा माणसांचे स्वभावही लिहायचा. एका मावशींपुढे लिहिलं होतं, 'फोनवर भांडते.' त्यांनी ते वाचलं. "काऊन रे, मी भांडते?" म्हणत बूथ डोक्यावर घेतला. त्या गेल्यावर दादानं शांतपणे पुढे लिहिलं, 'समोरही.'

* * *

सोळाव्या वर्षी दादाशी भांडून मी सुरतेला पळालो. रोज दुपारी दोनच्या सुट्टीत बूथवर फोन लावायचो. दादा "हॅलो" म्हणाला की आपटायचो. आठ महिने! परत आलो तेव्हा त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तो मीच होतो, हे त्याला कळलं होतं का? तो गेल्यापासून हेच डोक्यात आहे.

काल डिरेक्टरी उघडली. आमच्या बूथच्या नंबरापुढे दादाचं अक्षर: 'दोन वाजता फोन कोणाले देऊ नये.'

शेटजी समोरच बसले होते. त्यांना विचारलं.

"हाव, मलेही नाही देला. मी घाईत होतो, लय बोललो त्याले. तर म्हने, 'थांबा शेटजी, माह्या भावाचा फोन येते.' म्या म्हटलं, 'काय म्हन्ते तो?'"

"मग?"

"म्हने, 'काहीच नाही. पन रोज!'"