शुक्र बुडाला तेव्हा भाषण चालू होतं

कर्जतच्या कॉलेजात आमचे फिजिक्सचे सर संध्याकाळी हौसेने खगोलशास्त्र शिकवत. एका फेब्रुवारीत त्यांनी मुंबईहून दुर्बीण मागून आणली आणि गावाला आकाश बघायला बोलावलं. त्या दिवसांत दुर्बिणीतून शुक्राची चंद्रासारखी कोर दिसत होती. ती लोकांना दाखवायचं काम माझ्याकडे होतं.

दिवस मावळताच मैदानात रांग लागली. सगळ्यात पुढे चौक गावाहून आलेली एक शेतकरीण होती. पण उद्घाटनाआधी कुणाला दाखवायचं नाही, असा प्राचार्यांचा हुकूम होता. प्रमुख पाहुणे, म्हणजे तालुक्यातले एक पुढारी, उशिरा आले आणि बोलतच राहिले. शुक्र माथेरानच्या डोंगराकडे उतरत होता. मी सरांना म्हटलं, "सर, बुडेल तो."

"मी काय करू? माईक त्यांच्या हातात आहे."

भाषण संपेपर्यंत शुक्र डोंगराआड गेला. तरी पाहुण्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. आत नुसता काळोख होता.

"वा, सुंदर कोर आहे," ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

"आता मी बघू का गं?" त्या बाईने विचारलं.

"मावशी, शुक्र बुडाला. उद्या याल?"

"उद्या नाय जमायचं. पन त्यांना तर दिसला."

मी दुर्बीण मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाकडे वळवली, जिथे नवे तारे जन्मतात. तिने बराच वेळ पाहिलं.

"ह्यो तर धूर हाय," ती म्हणाली आणि निघून गेली.