हजार आठ आणि वर एक

"मिस्त्री, एकच तर लादी हाय. बसवा की कुठंबी!" आप्पा म्हणाले, आणि माझं टकुरं सरकलं.

आप्पा म्हणजे रेणापूरच्या पलीकडच्या एका गावातल्या सभागृहाचे अध्यक्ष. गावातली गेलेली माणसं एका भिंतीवर लावायची होती. सहा इंची काळा ग्रॅनाइट, एका लादीवर एक नाव. उद्घाटनाला पाच दिवस.

मी चौथी शिकलो. पण चाळीस वर्षं फरशी बसवतोय, आणि कोरडं मांडल्याशिवाय सिमेंटला हात लावत नाही. कोरडं मांडणं म्हणजे आधी सगळ्या लाद्या जमिनीवर लावून बघणं. बघितल्या होत्या. चौदा ओळी, ओळीत बहात्तर, एकूण एक हजार आठ. भिंतीवरच्या फ्रेमचं माप गच्च भरलं.

तेवढ्यात कोंडाबाई आल्या. "माझ्या धन्याचं नाव कुठं हाय?"

त्यांच्या धन्यानं निम्म्या गावाच्या विहिरी खोदल्या. नाव यादीत होतं, पण शेवटचं, हजार नववं. हजार आठ हा आकडा शुभ, म्हणून आप्पांनी यादी तिथंच बंद केली होती! कोंडाबाई भिंतीपुढं बसल्या. "नाव लागल्याबिगर उठत न्हाई." आप्पांनी चारचौघांत शब्द दिला, लातूरहून लादी कोरून आणली आणि माझ्यापुढं ठेवली.

सभागृहाचा इंजिनिअर मला म्हणाला, "मामू, फ्रेम बदलू. ओळी कमीजास्त करू."

"करा. किती ओळी?"

"बारा?"

"एक उरती."

"सोळा? अठरा?"

"एक उरती. एक उरती."

"मग तेरा."

"आठ उरत्यात."

हजार आठ हा गरीब आकडा. कशानंही भागा, बहुतेक वेळा निमूट भागला जातो. त्यात एक घातला की असा अडेलतट्टू होतो की कुणालाच दाद देत नाही. मी दोनपासून एकतीसपर्यंत सगळे पाढे लावून बघितले. पुढं जायची गरजच नाही, बत्तीस गुणिले बत्तीस हजार चोवीस होतात, म्हणजे जोडीतला लहान आकडा एकतिसाच्या आतच सापडला असता.

"लादी रिकामी ठेवून ओळ भरू," इंजिनिअर म्हणाला.

आप्पा ओरडले, "याड लागलं का? मेलेल्यांच्या भिंतीवर रिकामी लादी म्हणजे पुढचा कोण, म्हणून गाव बघत बसंल!"

"मग एका लादीवर दोन नावं?"

"कुणाच्या बापाला अर्धी जागा देऊ? तुमच्या?"

दुपारपर्यंत हेच. शेवटी इंजिनिअरनं मोबाईलवर हिशेब केला. "मामू, एका सरळ ओळीशिवाय खरंच बसत नाही हो."

"मी सकाळपासून काय सांगून राहिलो?"

मी फ्रेमला हात लावू दिला नाही. हजार आठ भिंतीवर बसवल्या. कोंडाबाईंच्या धन्याची लादी दाराच्या वर, बरोबर मधोमध, एकटी लावली. तिला कशानं भागायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी आप्पा चार घरची माणसं घेऊन हजर. दारावर आमचाच बाप पाहिजे म्हणे. सगळ्यात पुढं आप्पा स्वतः.

मी म्हणालो, "आप्पा, हजार आठ शुभ हाय ना? मग तुमचे वडील शुभातच राहू द्या. सिमेंट धरलंय, आता निघत न्हाई."

कोंडाबाईंनी मान वर करून बघितलं. मला शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

"लई उंच लावलंस रे मिस्तरी. हात पोचत न्हाई."

मी कपाळाला हात मारला आणि माझं कामाचं स्टूल दारात आणून ठेवलं. ते परत मागितलं नाही.

तेव्हापासून कुणी शुभ आकडा सांगितला की मी एकच विचारतो, माणसं मोजली का आधी?