कुंकू लागलेलं कार्ड
खवट खोबऱ्याचा वास आला की पिंपरीच्या कारखान्यातली कॉम्प्युटरची खोली आठवते. मी बनवलेली नवी कमांड खंडेनवमीनंतर मशीन ओळखेचना. कमांडांची यादी पंच केलेल्या कार्डांवर असे, ती रोज सकाळी मशीनला भरवावी लागे. साहेब म्हणाले, "तुमचंच काहीतरी चुकलंय." दोन दिवस मी माझा प्रोग्राम उसवत बसलो. शेवटी कार्डांचा गठ्ठा सोडला, तर माझं कार्ड कुंकवानं आणि नारळाच्या पाण्यानं खालच्या कार्डाला चिकटलेलं, कडेला खवटलेला खोबऱ्याचा तुकडा आणि मुंग्या; मशीननं ते कार्ड वाचलंच नव्हतं. खंडेनवमीला मशीनची आणि कार्डांची पूजा साहेबांनीच केली होती. "पूजेला दोष लावू नका," म्हणत त्यांनी बिघाडांच्या नोंदीचं रजिस्टर पुढं सरकवलं. मी त्यात 'माझी चूक' लिहून सही केली. कार्ड फेकलं, हात धुतले. त्या सहीची किळस मात्र अजून येते.