दोन मूळ प्रती

आधीच सांगतो, या गोष्टीतली दोन विद्यापीठं कोणती ते शोधायला जाऊ नका. तुमच्या ओठांवर जी नावं आली असतील, ती ही नव्हेत. आम्ही त्यांना नुसतं नांदेडवाले आणि लातूरवाले म्हणायचो. दोघांनी मिळून माती आणि पाणी परीक्षणाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढला होता, पहिलं वर्ष नांदेडला, दुसरं लातूरला. मी तिथे शिकवायचो. नेमणूक नांदेडवाल्यांची, दर अकरा महिन्यांनी नव्याने. आणि ती नव्याने व्हावी म्हणून लागणारा 'काम समाधानकारक' असा दाखला लातूरवाल्यांचा. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस असल्या नोकरीत का राहतो, असं कुणी विचारलं की मला राग येतो. दुसरी नव्हती म्हणून.

पहिली काही वर्षं या अभ्यासक्रमाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. माती चाळायची चाळणी फाटली तर नांदेडवाले म्हणायचे लातूरला मागा, लातूरवाले म्हणायचे नांदेडला मागा. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना. मग एकदा तपासणी समिती आली, आणि कशी कोण जाणे, खूश होऊन वरची श्रेणी देऊन गेली. त्या दिवसापासून या अनाथ लेकराला दोन बाप उभे राहिले. अभ्यासक्रम मुळात कुणाचा, पदवी कुणाच्या नावाने, प्रमाणपत्रावर डावीकडे कुणाचं चिन्ह. पत्रांवर पत्रं सुटली आणि दोन्हीकडच्या साहेबांनी एकमेकांचे फोन घेणं बंद केलं.

सापडलो मी. लेखी परीक्षा भांडण पेटायच्या आधीच उरकली होती आणि तिचे गुण दोन्हीकडे पोचले होते. राहिले होते प्रात्यक्षिकांचे आणि प्रकल्पाचे गुण, ते माझ्याकडे. अकरा मुलं, एक तक्ता, एक पान. ज्याच्या हाती ते पान, तो निकाल लावणार. आणि ज्याने निकाल लावला, अभ्यासक्रम त्याचा. एकाच आठवड्यात मला दोन पत्रं आली. मजकूर इतका सारखा की एकाच टायपिस्टने केलीत की काय असं वाटावं. गुणांची मूळ प्रत, शाईच्या सहीनिशी, आमच्याकडेच पाठवावी, झेरॉक्स चालणार नाही, अन्यत्र पाठवल्यास कारवाई.

मी ते पान लाखेने बंद केलेल्या लखोट्यात घातलं आणि कपाटात बायकोच्या साड्यांखाली ठेवलं. लातूरला पाठवावं तर नेमणूक जाणार, नांदेडला द्यावं तर दाखला जाणार. तीन आठवडे ते तिथेच होतं. बायको साडी काढताना विचारायची, "अहो, हे काय अंडं उबवायला ठेवलंय?"

त्या दिवसांत आठवड्यातले चार दिवस मी लोहा-अहमदपूर रस्त्यावर एसटीत असायचो. नांदेडचा फोन आला की मी लातुरात असायचो आणि लातूरचा आला की नांदेडात. खोटं बोलायची इतकी सवय झाली की एकदा बायकोलाही मी चुकीचं गाव सांगितलं. अहमदपूरच्या स्टँडवर चहा पिताना तेवढं बरं वाटायचं, कारण ते गाव दोघांपैकी कुणाचंच नव्हतं. गाडी सुटली की पुन्हा छातीवर धोंडा.

अकरा मुलांत धर्माबादची एक मुलगी होती. वडील तिथल्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, मापाडी, मिरचीची पोती तोलणारे. ही पोरगी चिमूटभर ओली माती बोटांत चोळून तिच्यात चिकण किती, वाळू किती ते सांगायची, आणि मग आमचं यंत्र तेच सांगायचं. सरकारी खात्यात पाणी तपासणीच्या जागेसाठी तिने परीक्षा दिली होती आणि निवड यादीत तिचं नाव लागलं होतं. उरली होती कागदपत्रांची पडताळणी. तिथे शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका दाखवली नाही तर जागा खालच्या नंबरला जाणार होती.

एका सकाळी बापलेक माझ्या घरी आले. वडिलांनी पिशवीत वाळल्या मिरच्या आणल्या होत्या.

"सर, पोरीचं नाव लागलंय," ते म्हणाले. "सगळे कागद हायेत, शेवटच्या वर्षाचा तेवढा न्हाई. तेवढा द्या की."

"कागद मी देत नसतो. तो विद्यापीठ देतं."

"कोणतं?"

तेव्हा मुलगीच म्हणाली, "सर, कोणाचाबी निकाल लागू द्या. मला लई काय नको. एक लागला तरी बास हाय."

मी बघतो म्हणालो. शिक्षक माणसाच्या तोंडात हा शब्द कायम तयार असतो.

रविवारी दुपारी मला युक्ती सुचली आणि मी स्वतःवरच खूश झालो. लखोटा फोडला. त्याच शाईने, तसल्याच कागदावर तोच तक्ता पुन्हा लिहिला, खाली सही केली आणि दोन्ही पानांवर वर लिहिलं, 'मूळ प्रत'. सोमवारी पोस्टात एकाच खिडकीवर दोन लखोटे टाकले, एक इकडे, एक तिकडे. एका दगडात दोन पक्षी. बायकोला मी सांगितलं की पोरीसाठी केलं. ते खरं नव्हतं. पोरीला एक निकाल पुरत होता, तिने तोंडाने सांगितलं होतं. दोन मला हवे होते.

दोघांनीही घाईघाईने निकाल लावले. ती पहिली आली, दोन्हीकडे. नांदेडला फाटकाजवळ फ्लेक्स लागला, 'आमची गुणवंत विद्यार्थिनी', आणि लातूरला त्याहून मोठा लागला. फोटो एकच, अर्जावरचा, भेदरल्या चेहऱ्याचा. दोन्हीकडच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. प्रत्येकाला वाटत होतं, मूळ प्रत आपल्याकडेच आहे, दुसऱ्याने नुसत्या झेरॉक्सवर निकाल लावला, आणि मी आपला माणूस.

पडताळणीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "सर, मार्कशीट दोन आल्यात. कोणती नेऊ?"

एवढाच प्रश्न होता. कोणतीही एक ने, असं म्हटलं असतं तरी तिचं काम झालं असतं. पण उद्या तिने कुठे बोलून दाखवलं की सरांनी ही ने म्हणून सांगितलं, तर? मी आवाजात वडीलकी आणली आणि म्हणालो, "दोन्ही ने. कागद जास्त असलेला बरा."

आमच्याकडे हे कुणालाही पटतं. लोक रेशन कार्डाच्याही तीन झेरॉक्स खिशात बाळगतात. तिने दोन्ही नेल्या.

तिथल्या साहेबाने दोन्ही गुणपत्रिका शेजारी शेजारी ठेवल्या. मुलगी तीच, वर्ष तेच, विषय तोच, विद्यापीठं दोन आणि बैठक क्रमांक दोन. त्याने तिला विचारलं, "यातली खोटी कोणती?" खुलासा आणायला सात दिवस दिले. ती नांदेडला गेली, लातूरला गेली. एरवी साधा दाखला द्यायला महिना लावणाऱ्या या माणसांनी तिला उभ्या उभ्या पत्रं दिली. नांदेडवाल्यांनी लिहिलं, लातूरची गुणपत्रिका ग्राह्य धरू नये. लातूरवाल्यांनी लिहिलं, नांदेडची धरू नये.

मग ती माझ्याकडे वळली. फोनवर म्हणाली, "सर, तुम्ही एक पत्र द्या. दोन्हीकडं मार्क तुम्हीच पाठवले, अभ्यास एकच, मी एकच. तेवढंच लिवा. साहेब म्हणले, शिकवणाऱ्या सरांचं पत्र आणलं तर चालतंय. तीन दिवस हायेत अजून."

"देतो," मी म्हणालो.

ते पत्र म्हणजे दोन मूळ प्रती केल्याची माझ्या हातची कबुली होती. आणि अकरा महिने त्याच पंधरवड्यात संपत होते. मी आजारी पडलो नाही. गावालाही गेलो नाही. तीन दिवस मी घरात होतो, कोरा कागद पुढ्यात होता. तिचा फोन वाजला की मी उलटा करून ठेवायचो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोने तो उचलून माझ्यासमोर धरला. मी उठून बाथरूममध्ये गेलो. मला माझी लाज वाटत होती, पण भीती त्याहून मोठी होती.

आठवड्याभराने नवीन नेमणुकीचा आदेश आला. त्याच दिवशी मी एका बैठकीत पत्र लिहून काढलं, काही न लपवता, आणि दुपारच्या गाडीने धर्माबादला गेलो. वडील मोंढ्यात होते. तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि उभ्यानेच पत्र शेवटपर्यंत वाचलं.

"सगळं खरं लिवलंय, सर."

"मी स्वतः नेऊन देतो त्या साहेबाला. आजच जातो."

"खालच्या नंबरला परवाच ऑर्डर मिळाली, सर."

तिने पत्राची नीट घडी घातली आणि माझ्यापुढे धरली. "हे तुमच्याकडंच ठेवा. कोणाच्या हाती लागलं तर तुमच्या नोकरीला अडचण येईल."

मी ते घेतलं आणि खिशात ठेवलं.