नर्मदाबाईंचं चौथं कडवं

भुसावळात साउंडवाले ढिगानं मिळतात, पण रेकॉर्डिंग करावं ते चिंधा अहिरेनंच. बाकीच्यांचं ठरलेलं: मशीनमधून वायर काढायची, पेन ड्राइव्ह लावायचा आणि वरून इतका एको ओतायचा, की गाणारा विहिरीत पडलाय असं वाटावं. चिंधा एकोला हात लावत नसे. लोकांच्या डोक्यावर दोन बांबूंना माइक बांधी. एक बांबू त्याच्या टेबलाशेजारीच असे. "गाणं काय एकटा गाणारा गातो?" तो म्हणे. "समोरच्याचा हुंकार नसेल तर ते मेलेलं गाणं." जनरेटर पार पाण्याच्या टाकीमागे नेऊन ठेवायला लावी. रेल्वेचा भोंगा मात्र येऊ देई. भुसावळचं रेकॉर्डिंग आणि भोंगा नाही, म्हणजे शुद्ध लबाडी.

नर्मदाबाईंची भीमगीतं तो तीस वर्षं ऐकत होता, पण त्यांचं धड रेकॉर्डिंग एकही नव्हतं. यंदा बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी रेल्वे कॉलनीच्या मैदानावर कार्यक्रम होता आणि आठवड्यावर बाईंच्या घशाचं ऑपरेशन. लोक जमायच्या आधीच त्या त्याच्याजवळ येऊन बसल्या.

"चिंधाभाऊ, डॉक्टर सांगस, मंग आवाज ऱ्हावाव नही. मनी मायवरलं गाणं तेवढं नीट धरी ठेव. बठ्ठं, पुरं."

यार्डात कोळसा वेचणाऱ्या आईवर बाईंनी स्वतः रचलेलं ते गाणं, चार कडव्यांचं. पहिली तीन अशी झाली, की मैदान श्वास धरून बसलं. हेडफोनमध्ये बाईंच्या बांगड्या ऐकू येत होत्या, मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलेलंही. जन्मभर जे हवं होतं ते आज सापडतंय, या आनंदानं चिंधाचे डोळे भरून आले.

चौथं कडवं सुरू झालं आणि गेटवर फटाक्यांची माळ लागली. साहेब आले. आमच्याकडे साहेब आले की गाणाऱ्यानं समजून घ्यायचं असतं. संयोजक रुपचंदनं निवेदनाचा माइक उचलला आणि चिंधाच्या हातानं सवयीनं टेबलावरचं त्या माइकचं बटण चालू केलं, बाईंचं बंद. ढोलकी थांबली. बाई थांबल्या नाहीत. डोळे मिटून गातच राहिल्या.

चिंधाचं बोट पुन्हा बाईंच्या बटणावर गेलं. रुपचंदनं स्टेजवरून नुसते डोळे वटारले. गावातले सगळे कार्यक्रम त्याच्याच हातात. चिंधानं बोट मागे घेतलं. पहिल्यांदा सवय होती, दुसऱ्यांदा भीती. आणि हे त्याला तेव्हाच कळत होतं.

आता बाई पाटीवर लिहून बोलतात. त्यांची मुलगी साक्षी रेकॉर्डिंग न्यायला आली आणि तिथंच हेडफोन लावून बसली. तीन कडवी ऐकताना रडली. मग फटाके, मग रुपचंदचं "आपले लाडके नेते", अक्षर न् अक्षर खणखणीत.

"चौथं कडवं कुठंय, काका? आई म्हणते, पूर्ण गायले."

"फटाके होते ना, बेटा. त्यात बुडालं."

तिनं मागे नेऊन तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला. मग तिसऱ्यांदा.

"फटाके आधीपासून वाजताहेत. त्यांच्यातही आई ऐकू येते," ती म्हणाली. "मग इथं टक् असं काहीतरी वाजतं, आणि आई जाते."

दुसऱ्या कुणाचं रेकॉर्डिंग असतं, तर ते टक् ऐकूच आलं नसतं.