पाझर तलावावर देवाशी भांडणारी शिवम्मा

सोलापूरला उन्हाळ्यात जाऊ नका, असं मी विचारेल त्याला सांगते. मी स्वतः मात्र गेले ती भर मे महिन्यात, बहात्तरचा दुष्काळ अजून सरला नव्हता त्या, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात. त्या जानेवारीत माझी तीन महिन्यांची मुलगी न्यूमोनियाने गेली होती. पुण्याच्या घरात मी कुणाशी बोलत नव्हते, रडतही नव्हते. सिंधूमावशीचं पत्र आलं, "चार दिवस इकडे ये," आणि नवऱ्याने मला गाडीत बसवून दिलं.

मावशीचं दोन खोल्यांचं घर सात रस्त्याजवळ. स्टेशनवरून टांग्याने गेले. त्या वर्षी जेवणात रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची भाकरी होती, घशाखाली न उतरणारी. शेंगांची चटणी मात्र उखळात कुटलेली, तेल सुटलेली. सोलापूरला गेलात तर ती बांधून आणाच.

मावशीचे यजमान, काका, दुष्काळी कामावर मजुरांची हजेरी मांडायचे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "घरात बसून काय करशील? चल माझ्याबरोबर." अक्कलकोटकडची एसटी, तिकीट दीड-दोन रुपयांचं. पुढे मैलभर चालत. दोन्ही बाजूंना भेगाळलेली काळी रानं, हिरवं असं काहीच नाही. आणि मग एकदम शे-दोनशे माणसं, पाझर तलावाचा बांध घालणारी.

एका कडुलिंबाखाली दोन रांजण होते आणि चाळिशीची एक बाई मजुरांना पाणी देत होती.

"बर्री अक्का, या, बसा हितं सावलीला," ती म्हणाली. हीच शिवम्मा.

त्या दिवशी टँकर आलाच नाही. दुपारी एक रांजण रिकामा झाला, दुसरा अर्ध्यावर आला. रांगेत ढकलाढकली सुरू झाली, एकाने तर रांजणालाच हात घातला. शिवम्माने त्याचा हात बाजूला केला.

"ल्हान पोरांच्या आया आदी, मग म्हातारी. तुमी मागनं. समद्यांना मिळंल की!"

मग तिने वर बघून सुरू केलं, "आरं महादेवा, तुझ्या डोस्क्यावर गंगा हाय न्हवं? येक घागर सोडायला काय जातंय तुझं? येवडा चिक्कू कसा रं तू?"

रांग हसली. ढकलाढकली थांबली. शिवम्मा प्रत्येकाच्या ओंजळीत अर्धं ओगराळं ओतत राहिली आणि मधूनमधून देवाला झापत राहिली. चारच्या सुमाराला टँकर आला. सगळ्यांचं झाल्यावर ती प्यायली, सगळ्यात शेवटी.

मी विचारलं, "देवाला असं बोलता, भीती नाही वाटत?"

ती माझ्याशेजारी टेकली. दिवाळीच्या आधी नवरा काविळीने गेला, सांगत होती. मग चाऱ्यावाचून दोन्ही बैल गेले. ती लिंगायत, गळ्यात कायम शिवलिंग बांधणारी. "गळ्यातलं लिंग काडून डब्यात टाकलं. म्हटलं, तू न्हाईसच. तरी रोज शिव्या घालत हुते, लई घाण घाण. येक दिवस भाकरी थापताना ध्यानात आलं. नवरा गेल्यापासनं आपून कुणाशीच बोलत न्हाय, ह्याच्याशीच तेवडं बोलतो. न्हाईच म्हणायचं, तर मग रोज ऐकतंय कोण? लिंग काडून परत गळ्यात घातलं."

"आणि मग?"

"मग काय? दुक्क हाय तेवडंच हाय. पन आता दोगात हाय."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचं काय गेलं, अक्का?"

चार महिन्यांत हे कुणी असं सरळ विचारलं नव्हतं. मी सांगितलं. ती "आई गं" एवढंच म्हणाली आणि माझा हात धरून बसली. उपदेश केला नाही. काका हजेरीचं पुस्तक बंद करून येईपर्यंत आम्ही तशाच बसलो होतो.

दोन दिवसांनी पुण्याला परतले. नवरा कामावर गेल्यावर दार लावून घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा देवाला ओरडून विचारलं, "तिनं तुझं काय वाकडं केलं होतं?" उत्तर आलं नाही. पण रडू आलं, पोट दुखेपर्यंत. संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्याच्याशी बोलले, आणि मग तोही रडला.

पुढच्या पावसाळ्यात तो तलाव भरल्याचं काकांनी कळवलं. शिवम्मा काम संपल्यावर कुठे गेली, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. देवळात मी आजही क्वचितच जाते. भांडते मात्र रोज, आणि समोर कुणीतरी ऐकतंय याबद्दल मला शंका उरलेली नाही.