गावंडे डॉक्टरांचं घड्याळ

गोठ्यात आल्यावर गावंडे डॉक्टर आधी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात देत. मग खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवून गायीच्या मागे उभे राहत. तपासणी होईपर्यंत रामराम नाही की चहा नाही. तिवस्याजवळचा माझा गोठा मी एका म्हशीवर सुरू केला. आज चौदा गायी आहेत, बहुतेक त्यांनीच कृत्रिम रेतनानं भरवलेल्या.

एकदा मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, गाय माजावर येत नाही हे मले बी दिसते. सुई द्या अन् मोकळे व्हा."

"तुमाले गाय दिसते, भाऊ. आतली गाठ दिसते काय?" ते म्हणाले. "बीजांडावर पिवळी गाठ बसते. तिचा रस रक्तात जाते, तो माज दाबून ठेवते. सुईनं गाठ विरते अन् तीन-चार दिवसांत गाय माजावर येते. पण पोटात वासरू असलं, तर ते ह्याच गाठीच्या भरवशावर टिकते. म्हणून हात घातल्याशिवाय सुई नाही."

बाजारात मी सख्ख्या भावाचाही शब्द तपासून घेतो. या माणसाचा कधी तपासला नाही.

मागच्या उन्हाळ्यात अमरावतीच्या गुरांच्या बाजारात मूर्तिजापूरकडचा एक म्हातारा संकरित गाय विकत होता. म्हणाला, "तीन महिने झाले, माजावर नाही. वळू मोकळा असते आमच्याकडं. गाभण असन."

मी हसलो. "बुढेबाबा, गाभण सांगून भाव वाढवता काय? भाकड हाये हे." भाकड भाकड करत मी भाव पाडला. पाडता पाडता ती भाकड आहे हे मलाच पटलं.

गाय गाडीत घालून गोठ्यात आणली आणि डॉक्टरांना बोलावलं. ते आले तेव्हा घाईत होते. "खाली हाये ना? गाभण नाही ना?"

"खालीच हाये. मी पाह्यली."

त्यांनी सुई दिली. घड्याळ मनगटावरच राहिलं. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण काम लवकर झालं म्हणून मी खूश होतो.

चौथ्या दिवशी सकाळी गायीमागे वितीएवढं वासरू पडलेलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, "सुईनं तं नाही?"

ते बॅग आवरू लागले. "नाही. गाडीत हादरे बसले असतीन."

मी तडक मूर्तिजापूर गाठलं आणि रोगट गाय गळ्यात मारली म्हणून म्हाताऱ्याला त्याच्या सुनांदेखत नाही ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "मी तं गाभण सांगतली होती, भाऊ."

दिवाळीनंतर डॉक्टरांची सेमाडोहला बदली झाली. निरोप घ्यायला आले आणि फाटकातच म्हणाले, "भाऊ, ते सुईनंच झालं होतं."

"तवा काहून नाही सांगतलं?"

"तुमचा राग मले माहीत हाये."

"मंग आज काहून?"

"आज बदली झाली." मग म्हणाले, "साऱ्या नोकरीत एकदाच दुसऱ्याच्या शब्दावर सुई दिली. तुमच्या."

मी चहा विचारला नाही. वासरू गेलं ते सोसलं. पण त्यांच्या खोट्यावर विसंबून मी त्या म्हाताऱ्याचा पाणउतारा केला, ते अजून डाचतं. मूर्तिजापूरला जायचं रोज ठरवतो, पाय उचलत नाही.

आता नव्या डॉक्टरीणबाई येतात. परवा त्यांनी सुई भरली आणि विचारलं, "काका, खाली आहे ना?"

मी तळहात पुढे केला.

"काय पाहिजे?"

"घड्याळ," मी म्हणालो.